साहेबाच्या शेतातलं गुप्तधन, म्हणजे मुख्यतः बटणं

मी वीकेंडला मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरतो हे कळलं की मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सोनं सापडलं का? नाही. बटणं सापडतात. भरपूर बटणं. त्यानंतर घोड्याच्या नालेचे खिळे, शिशाचे तुकडे, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, कोकच्या कॅनची ती जुनी ओढायची रिंग, आणि मग कधीतरी, पाय पार गारठलेत आणि गाडीतला थर्मास आठवायला लागलाय अशा वेळी, एखादं नाणं. घरी आमच्या बाबांना (बार्शीकडचे, आयुष्यभर शेती) व्हिडिओ कॉलवर हे पहिल्यांदा दाखवलं तर ते म्हणाले, "अरं, हितं वावरात ढेकळं फोडायची म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं, आणि तिकडं लोकाच्या रानात फुकट खणतोयस व्हय!" यावर उत्तर नाहीये माझ्याकडे.

तर हे रान म्हणजे इंग्लंडच्या मिडलँड्समधलं एक फार्म, लेस्टरशायर आणि नॉर्दम्प्टनशायरच्या मधल्या पट्ट्यात. नाव-गाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. घर जुनं, तांबूस दगडाचं, मागे मेंढ्यांचे गोठे, गहू-बार्ली-रेपसीडची शेतं आणि एक मोठं कुरण, ज्यात जमीन लाटांसारखी वरखाली होत जाते. या लाटा मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं नैसर्गिक आहेत, पण शेतकरी आजोबांनी (सत्तरी पार, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवतात) सांगितलं की हे मध्ययुगातल्या नांगरटीचे वरंबे आहेत. बैलांचा जड नांगर माती नेहमी एकाच बाजूला, मधल्या बाजूला पलटायचा, असं शेकडो वर्षं झालं की मधे उंचवटा आणि कडेला सरी तयार होते. आणि हे वरंबे सरळ नसतात, टोकाला हलकेच वळलेले असतात, लांबट इंग्रजी एस अक्षरासारखे, कारण आठ-आठ बैलांची रांग बांधावर वळवायला जागा लागायची म्हणून नांगऱ्या आधीपासूनच वळण घ्यायला लागायचा. बाबांना हे लगेच कळलं. आमच्याकडे काळ्या रानात चार बैलजोड्यांचा लाकडी नांगर चालायचा ते त्यांनी लहानपणी पाहिलंय, आणि बैल वळवताना बांधाकडची जागा कशी सुटते यावर ते वीस मिनिटं बोलले. एवढं तर माझ्या पगारवाढीवर पण नव्हते बोलले.

पुढे अठराव्या शतकात पार्लमेंटचे कायदे करून मोकळी शेतं कुंपणं घालून वाटली गेली, इकडच्या बऱ्याच जमिनीवर मेंढ्यांसाठी गवत आलं आणि त्यामुळे ते वरंबे तसेच गोठून राहिले. त्या कुरणात मी मशीन नेत नाही. कधीच. न नांगरलेली जमीन म्हणजे त्यातल्या वस्तू अजून आपापल्या मूळ जागी असण्याची शक्यता, तिथे हौशी माणसाने फावडं घालू नये असं इथली डिटेक्टिंगची आचारसंहितापण सांगते आणि मलापण ते पटतं. मी फिरतो ते नांगरलेल्या शेतात, आणि खणतो ते नांगराच्या खोलीपर्यंतच, कारण तेवढी माती आधीच उलथीपालथी झालेली आहे.

परवानगी कशी मिळाली हे सगळे विचारतात. यूट्यूबवर बघून लोकांना वाटतं मशीन घेतली की झालं. अहो, इथे प्रत्येक जमीन कोणाची तरी असते, मालकाच्या परवानगीशिवाय खणून काही उचललं तर ती चोरी. आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर सरकारी परवान्याशिवाय डिटेक्टर नुसता वापरला तरी १९७९ च्या कायद्याने गुन्हा. मी आजूबाजूच्या बऱ्याच फार्मना पत्रं टाकली, बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, एकाने फोनवर सरळ नाही म्हणून सांगितलं. या आजोबांनी मात्र गेटवर उभं राहून विचारलं की तुला शेतीतलं काय कळतं? मग ज्वारी, शाळू, कांदा, पाण्याची बोंब, उसाचं राजकारण असं सगळं झालं. मला वाटतं परवानगी त्या गप्पांनी मिळाली, पत्राने नाही. नंतर आम्ही रीतसर कागदपण केला. काही मौल्यवान निघालं आणि बक्षीस मिळालं तर निम्मं-निम्मं, सगळे खड्डे बुजवायचे, गेट जसं होतं तसं ठेवायचं, मेंढ्यांना पिल्लं व्हायच्या दिवसांत यायचं नाही, आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट आधी त्यांना दाखवायची.

आता मूळ मुद्दा, की एवढी बटणं शेतात येतात कुठून? शेतकरी काय शर्ट काढून फेकत होते का? मलाही सुरुवातीला हे कोडंच होतं. काही तर काम करताना तुटून पडलेली असणारच, पण बरीचशी आली ती खताबरोबर. रासायनिक खतं यायच्या आधी शहरातली घाण (म्हणजे संडासातली, चुलीतली राख, झाडलोट, सगळंच) गाड्या भरभरून आसपासच्या शेतांवर टाकायचे. त्या घाणीत घरातलं हरवलेलं सगळं यायचं, बटणं, टाचण्या, अंगुस्तानं, मातीच्या चिलमींचे तुकडे, फुटक्या बशा, आणि एखादं खिशातून सांडलेलं नाणं. शिवाय चिंध्या. यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्यांमधला चिंध्यांचा चुरा खत म्हणून विकला जायचा, तिकडच्या रुबार्बला आणि पार दक्षिणेत केंटच्या हॉप्सच्या मळ्यांना, आणि त्या चिंध्यांना बटणं तशीच लागलेली. म्हणजे बटण एका गावच्या माणसाचं आणि सापडतं भलत्याच शेतात.

हे कळल्यावर माझा फिरण्याचा अंदाजच बदलला. आधी मी नुसता बीप ऐकत फिरायचो, आता मी फोनवर प्रत्येक वस्तूची जागा टाकतो. शिशाचा फालतू तुकडा असला तरी. आणि हळूहळू नकाशावर दिसायला लागलं की गावच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतात बटणांची आणि चिलमींची नुसती दाटी आहे आणि ओढ्यापलीकडच्या शेतात जवळजवळ काहीच नाही, कारण एवढ्या लांब खताची गाडी कोण ओढत नेणार. एक बटण घेऊन बसलात तर त्याची किंमत शून्य, कोणी एक पौंडपण देणार नाही. पण असली दोनशे बटणं कुठे पडली होती हे माहीत असेल तर खत कुठल्या बाजूने यायचं ते कळतं. उलट तीच बटणं एका डब्यात गोळा करून ठेवली तर तो नुसता बटणांचा डबा.

मशीनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूमध्ये त्याने छोटे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं, आणि ते किती उशिराने, किती जोरात आलं यावरून मशीन अंदाज बांधते. लोखंडाला खर्जात घरघर, चांदी-तांब्याला वरच्या पट्टीत टणक आवाज. वैताग म्हणजे शिसं, पितळ, कॅनची रिंग आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे रिंग खणायचा कंटाळा केला तर अंगठीपण राहते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा युझेफ कोसात्स्की नावाचा इंजिनीअर स्कॉटलंडमध्ये होता, त्याने सुरुंग शोधायचं हातात धरायचं यंत्र बनवलं, ब्रिटिश सैन्याला फुकट दिलं आणि ते इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत वापरलं गेलं. आमची ही खेळणी त्याच वंशातली.

पण खरं सांगू का, मशीनपेक्षा वाफसा महत्त्वाचा. कोरड्या भुसभुशीत मातीत सिग्नल दबतो, चिखलात पाय निघत नाही, पण पाऊस होऊन दोन दिवस उलटलेत, माती हातात घेतली तर मुठीत बसते आणि बोटाला चिकटत नाही, त्या वेळी जा. इथल्या लोकांना मी हे सांगितलं तर ते मान डोलावतात, पण त्यांना सहा वर्षांचे असताना कोणी वावरात उभं करून हे शिकवलेलं नसतं. बाकी तयारी घरी बसून होते. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फुकट बघता येतात, त्यात आता नसलेली पायवाट, बुजवलेलं तळं, पाडलेलं कोठार सगळं सापडतं. १८४० च्या आसपासच्या टाइद नकाशांसोबतच्या (चर्चला द्यायच्या दशांश पट्टीसाठी केलेल्या) याद्यांमध्ये तर शेतांची नावं असतात. जुनी पायवाट जिथे कुंपण ओलांडते तिथे लोक उडी मारायचे आणि खिसे रिकामे व्हायचे, मोठ्या ओकच्या झाडाखाली मजूर भाकरी (बरं, ब्रेड) खायला बसायचे, असल्या जागा आधी बघायच्या.

आता वस्तू. माझी सगळ्यात लाडकी आहे १७९७ सालची तिसऱ्या जॉर्जची पेनी. तिला इथे कार्टव्हील म्हणतात, कारण कडा जाड आणि उंच, बैलगाडीच्या चाकाच्या धावेगत. वजन बरोब्बर एक औंस ठेवलेलं, दोन पेनीचं नाणं दोन औंसांचं, दुकानदार म्हणे वजनं म्हणून वापरायचे. मला सापडलेली पार झिजलेली आहे, राजाचं नाक गेलंय, पण हातात घेतली की कळतं हे काय धूड आहे. ही पेनी पाडली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या, वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांनी. आणि गंमत ही की त्याच टांकसाळीत ही पेनी पडायच्या आधी, १७९१ आणि १७९४ ला, ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून घेतले होते. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत 'अदल'. म्हणजे तिकडे पुण्यात सवाई माधवराव गादीवर, नाना फडणवीस कारभारात, बाजारात शिवराई चालतेय, आणि मुंबईत बर्मिंगहॅमचा माल खिशात. मी हे आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तुझ्या गावात खणलं तर आमचे पैसे निघतील की. म्हटलं आजोबा, तो हिशोब काढायचा तर मग बसूनच बोलावं लागेल. हसले खूप.

एक चांदीचा सिक्सपेन्स निघाला तो मुद्दाम वाकवलेला, दोन्ही टोकं विरुद्ध दिशेला. तिसऱ्या विल्यमच्या काळातला. असे वाकवलेले सिक्सपेन्स प्रेमाची खूण म्हणून द्यायचे, आणि ते शेतांमध्ये बऱ्यापैकी सापडतात, त्यामुळे इथल्या लोकांचा आवडता विनोद असा की पोरीने नाही म्हटलं आणि त्याने रागाने शेतात भिरकावलं. असेल किंवा खिशाला भोक असेल. एक पातळ पितळी चकती मिळाली, सोन्यासारखी चमकली म्हणून छाती धडधडली, ती निघाली न्यूरेंबर्गची जेटन, हान्स क्राउविंकलच्या नावाची. नाणं नव्हे, हिशोबाच्या पाटावर सरकवायची सोंगटी. त्या काळी जर्मनीतून युरोपभर जायच्या. या फार्मवर कोणीतरी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपास लोकर किंवा धान्याचा हिशोब पाटावर मांडून करत होतं, हे मला कुठल्याही सोन्यापेक्षा भारी वाटलं. (बायकोला नाही वाटलं.)

आणि शिशाच्या गोळ्या. पांढुरकं कवच चढलेल्या, हाताला जड. या भागात १६४२ नंतर राजा विरुद्ध पार्लमेंट यादवी पेटलेली, नेस्बीची मोठी लढाई १४ जून १६४५ ला इथून फार लांब नाही झाली, त्यामुळे गोळी सापडली की प्रत्येकजण लगेच क्रॉमवेल क्रॉमवेल करतो. मी नाही करत. पुढची दोनशे वर्षं लोक शिकारीला, सरावाला तसल्याच गोळ्या वापरत होते. काही गोळ्यांवर दातांचे ठसे असतात, तेव्हा जखमी सैनिकाने वेदना सहन करायला चावली वगैरे कथा सांगतात, बहुतेक वेळा ती डुकराने चघळलेली असते.

पण गोळ्यांची जागा नीट मांडली तर काय होऊ शकतं याचं उदाहरण इथून गाडीने जवळच आहे. बॉसवर्थची लढाई, २२ ऑगस्ट १४८५, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला ती. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे अँबियन टेकडीवर झाली, तिथे माहिती केंद्रपण उभं राहिलं. मग पुरातत्त्ववाले ग्लेन फोर्ड यांच्या नेतृत्वाखाली डिटेक्टरवाल्यांना घेऊन शेतं अक्षरशः ओळीओळीने पिंजून काढली गेली आणि तोफा-बंदुकांचे तीसहून जास्त शिशाचे गोळे आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा छोटा बिल्ला मिळाला. रानडुक्कर म्हणजे रिचर्डची खूण. सगळं टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला. लढाईची जागाच सरकली राव! आणि हे कुठल्या एका वस्तूमुळे नाही, तर कोणती वस्तू नक्की कुठे होती हे टिपल्यामुळे. मी हे वाचलं तेव्हा मला खर्डा आणि असई आठवली, १७९५ आणि १८०३, तिथली रानं पण नांगरलीच जातात दरवर्षी.

आता कायदा, कारण यावर लोकांचे भलते समज आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (सुटं नाणं सोडून), किंवा एकत्र सापडलेली दोन किंवा जास्त तितकी जुनी सोन्या-चांदीची नाणी, म्हणजे ट्रेझर, आणि ते १४ दिवसांत कॉरोनर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूपण त्यात आल्यात. म्युझियमने घ्यायचं ठरवलं तर बाजारभावाने पैसे मिळतात आणि ते साधारण शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जातात. बाकीच्या वस्तू, म्हणजे माझी पेनी आणि जेटन, कळवायची सक्ती नाही, पण पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम म्हणून व्यवस्था आहे, भागाभागात एक फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, त्याच्याकडे नेलं की तो मोजतो, फोटो काढतो, जागेसकट नोंद करतो आणि वस्तू परत देतो. १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत त्या नोंदींत. माझी सोंगटीपण आहे.

सफोकमधल्या हॉक्सनची गोष्ट तर इथे प्रत्येक डिटेक्टरवाला दुसऱ्याला ऐकवतो. १६ नोव्हेंबर १९९२, एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि रोमन काळातला खजिना लागला, जवळपास पंधरा हजार नाणी, चमचे, दागिने. त्याने थोडं काढलं, मग थांबला आणि कळवलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी ते नीट उकरलं, आणि लाकूड कुजून गेलं असूनही वस्तू कशा कुठल्या पेटीत रचल्या होत्या ते कळलं. साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडापण मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

याच्या उलट हेरफर्डशायरमधलं लेमस्टर. २०१५ ला दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला, मालकाला सांगितलं नाही, गुपचूप विकायला काढला. अंदाजे तीनशे नाण्यांतली फक्त ३१ हाती लागली. आणि त्या थोड्या नाण्यांवरून इतिहासकार म्हणतायत की वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा केओलवुल्फ यांची युती होती, ज्याला नंतरच्या बखरींनी पुसून टाकलं. म्हणजे उरलेल्या नाण्यांत अजून काय होतं कोणास ठाऊक. दोघांना २०१९ ला दहा आणि साडेआठ वर्षं, नंतर अपिलात कमी झाली. कळवलं असतं तर मालकाबरोबर वाटा घेऊन आरामात राहिले असते की, अक्कल नावाची गोष्ट. फार्मचं नाव मी का लिहीत नाही ते आता कळलं असेल. रात्री बॅटरी घेऊन चोरून शेत खणणाऱ्यांना इथे नाइटहॉक म्हणतात आणि आजोबांच्या गेटचं कुलूप एकदा तुटलेलं आहे.

आणि भारतात? कृपा करून मशीन मागवून गावाकडच्या गढीवर जाऊ नका. आपल्याकडे अजून १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! त्यात मूळ मालक निघाला नाही तर शोधणाऱ्याला पाऊण आणि जमीनमालकाला पाव अशी वाटणीपण लिहिलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. संरक्षित किल्ल्यावर-देवळात खणणं तर वेगळाच गुन्हा. पण आपला खरा घोळ कायद्याचा नाही, आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की हंडा, त्यावर नाग, पायाळू माणूस, अमावस्या आणि कोणीतरी बाबा, इथपर्यंत गाडी जाते, एवढी की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. नांगराला लागलेली शिवराई मात्र सोनाराकडे जाते किंवा पोरं खेळून हरवतात, आणि ती कुठल्या गटात, कुठल्या बांधाला निघाली हे कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या घरीपण देव्हाऱ्यात चार आहेत. बाबांना विचारलं कुठल्या रानातल्या, तर म्हणाले दोन वढ्याकडच्या, बाकीच्या आज्याला ठाऊक. वढ्याकडच्या दोन तरी मी त्याच रात्री लिहून घेतल्या, गट नंबर टाकून.

सध्या तिकडे गहू उभा आहे, त्यामुळे ऑगस्टमधे कापणी होईपर्यंत सुट्टी. आजोबांनी सांगितलंय की या वेळी ओढ्याकडच्या शेतात खोल नांगर घालणार आहेत. ट्रेलरची एक पिनपण हरवलीय त्यांची तिथे, ती आधी शोध म्हणाले. मिडलँड्समधल्या कोणाला एखाद्या रविवारी यायचं असेल तर मेसेज करा, मी आजोबांना विचारून सांगेन. गमबूट स्वतःचे आणा, आणि डबा पण, जवळपास एक पब आहे पण तो रविवारी लवकर किचन बंद करतो.